ढोलीतली पांढरी भुकटी

हिंगणी, १९ ऑगस्ट १९५७

चि. सुलोचना हिस जय भीम आणि आशीर्वाद.

चाळीस पोरं एका दमात कविता म्हणतात तेव्हा ती आतून वेगळी ऐकू येते आणि बाहेरून वेगळी. मी बाहेरून ऐकली. शाळेच्या ओट्याखाली, खिडकीच्या जरा अलीकडे, आमची बसायची जागा होती. तिथवर शब्द अर्धेच पोचत, चाल मात्र पुरी पोचे. आज सकाळी दारात बसलो होतो, पाऊस उघडला होता, आणि पंचावन्न वर्षांमागचा तो आवाज असा कानात आला की चहाची बशी हातात तशीच राहिली. चहा निवून त्यावर साय धरली. तुझी आई असती तर म्हणाली असती, "गेले. मास्तर गेले गावाले."

आज मन भरून येण्याचं कारण सांगतो. आपल्या गल्लीतला मोतीलाल बैलबंडीत बांबू घालून तुमच्या गिरडच्या बाजाराला जातो, हे तू जाणतेसच. तो काल परतला. मी त्याला बैलही सोडू दिले नाहीत.

"पोतं दिलंस?"

"देल्लं."

"काय म्हणाली?"

"काई नाई म्हणलं."

"काही तरी म्हणाली असेल."

"अजी मास्तर, काईच नाई म्हणलं. मी म्हणलो, बापानं ज्वारी धाडली. तिनं पोत्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् बोटानं कोपरा दाखवला. मी तिथं उभं केलं अन् पानी पिऊन निघालो."

"आणि लेकरू?"

"गुलाब? मातीत खेळून राह्यलं होतं. नाक तुमच्यावर गेलं, मोठ्ठं हाय."

सुलोचना, बोटानं कोपरा दाखवलास हे मला पुरे आहे. दोन वर्षांत एकदा लोणचं पाठवलं, एकदा लुगडं. दोन्ही मोतीलालच्याच बंडीतून जशीच्या तशी परत आली. ज्वारी राहिली. त्या नाकाचं वर्णन मी त्याच्याकडून तीनदा ऐकून घेतलं.

ज्वारी निर्धास्त खा. आई गेल्यापासून त्या बांबूच्या ढोलीनं मला दोन पावसाळे रडवलं. वर्षाची ज्वारी तिच्यात भरायची, शेणामातीनं लिंपायची, हे मला ठाऊक होतं. पण आत काय चालतं ते तिलाच कळे. ती कोपरापर्यंत हात दाण्यात खुपसायची. आत ऊब लागली की म्हणायची, "चाललं यांचं लगन." म्हणजे सोंडे, दाणे पोखरणारे किडे, पडले. मग सगळी ढोली उपसून उन्हात, दोन दिवस पाखडणं, परत भरताना थराथरात गोवरीची चाळलेली राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. मी हात खुपसला तर मला नुसती ज्वारी लागे. मला कळलं तेव्हा दाण्याला टाचणीएवढी भोकं पडून ढोलीच्या बुडाशी पीठ सांडत होतं. असली ज्वारी लेकीला कुठल्या तोंडानं पाठवावी?

यंदा मात्र मी जिंकलो. जुलैत मलेरियावाले आले होते. पाठीवर पंप घेऊन घराघराच्या भिंतींवर ती डीडीटीची भुकटी पाण्यात कालवून मारून गेले. मधुकरराव म्हणून त्यांचे मुख्य, ओट्यावर उभे राहून लोकांना बरंच काही समजावून सांगत होते. माझ्या मनात त्याच वेळी दोन ओळी जुळत होत्या, म्हणून सगळंच ऐकलं असं नाही. ओळी अशा:

दाण्याच्या दारी सोंडा, नम्र होऊनी उभा,
"एका रातीपुरती दे रे, पोटामध्ये मुभा!"

चौथीच्या पोरांना शिकवण्यासारख्या आहेत की नाही? ते गेल्यावर पाहतो तर अंगणात त्यांची एक थैली उसवून भुकटी सांडलेली. मी ती सूपभर गोळा केली. भिंतीवरचे डास मरतात, खाटेतले ढेकूण मरतात, तिथं सोंडा कोण मोठा? राखेच्या जागी थराथराला ती भुरभुरली आणि ढोली लिंपून टाकली. महिन्यानं तुझं पोतं भरायला फोडली तेव्हा आत एक सोंडा नव्हता! तुझ्या आईला दाखवायला हवं होतं.

त्या ढोलीतला दाणा मी खात नाही. माझं एकट्याचं मडक्यातल्या ज्वारीवर चालतं. ढोली तुझ्या नावाची.

गुलाबला पापा.

तुझा बाबा,
प्रेमदास


हिंगणी, २६ ऑगस्ट १९५७

चि. सुलोचना हिस आशीर्वाद.

काल पोळा झाला. शेजारच्या नत्थूजींनी बैलांची शिंगं इतकी रंगवली की बैलच ओळखू येईनात. मोतीलाल आज पहाटे पुन्हा बांबू भरून तुमच्याकडे निघाला. त्याच्या हाती काही दिलं नाही, हे पत्र टपालानंच टाकतो.

आपली मनी मांजर मेली. म्हातारी होती, नऊ वर्षांची, तेव्हा आश्चर्य काही नाही. तीन दिवस थरथरत होती. मागचे पाय एका गावाला, पुढचे दुसऱ्या. तिची निजायची जागा ढोलीच्या माथ्यावर होती. तिथून उतरली की अंग चाटत बसायची. हे मी उगीच लिहिलं. म्हाताऱ्या मांजराचं असंच होतं.

एक सांगायचं राहिलं. ज्वारी दळण्याआधी तीन पाण्यानं धू आणि कडक उन्हात वाळव. ऊन नसेल तर थांब, घाई करू नकोस. कारण काही नाही. प्रवासातलं धान्य धुवावं, इतकंच.

पावसाळ्यात घराकडं लक्ष असू दे. खाटेच्या सुतळीवर आणि उशीच्या कडेला काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण झाले समज. ते चावण्याआधी ठिपके येतात. खाट उन्हात उलटी टाकून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, आठ दिवसांनी पुन्हा. एकदा ओतून भागत नाही, अंडी उरतात. भिंतीवर मातीची दोऱ्याएवढी रेघ चढताना दिसली तर ती वाळवी. नुसती रेघ पुसू नये, ती कुठून निघते ते खणून पाहावं. वाळवी वरून कागद शाबूत ठेवते आणि आतून खाते, हे मला माझ्या कवितांच्या वह्यांनी शिकवलं. उंदराची लेंडी ओली आहे की वाळकी, हे पाहिलं की तो आज आला होता की गेल्या महिन्यात, ते कळतं. हे सगळं तुझ्या आईचं ज्ञान. मी ते आता लिहून काढतो आहे, ती असताना ऐकलं नाही.

गुलाब नीट जेवतो ना? त्याचे हातपाय थरथरत वगैरे नाहीत ना? लहान मुलं पावसाळ्यात गारठतात, म्हणून विचारलं. एक ओळ लिहिलीस तरी पुरे. नुसतं "बरे आहेत" लिही.

बाबा


हिंगणी, ३० ऑगस्ट १९५७

चि. सुलोचना,

काल मधुकरराव तपासणीला आले होते. फवारलेल्या भिंती कुणी सारवून टाकल्या का, हे पाहत हिंडत होते. निम्म्या गावानं पोळ्याला सारवल्या होत्या, त्यामुळे त्यांचं डोकं आधीच तापलेलं. आपल्या गल्लीत एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या घरी एक प्रकार घडला, तो तुला कळवावासा वाटतो. गृहस्थ चांगला शिकलेला आहे, तरी असं झालं.

मधुकररावांनी त्याच्या ढोलीवरून बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. ते म्हणाले, "काका, इथं कुणी फवारलं?"

गृहस्थ म्हणाला, "फवारलं नाही. आत घातली आहे. सोंड्यांसाठी."

"आत म्हणजे? धान्यात?"

"हो."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "फवारणीच्या दिवशी मी ओरडून ओरडून सांगितलं होतं, धान्य, पाणी, भांडी घराबाहेर काढा. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, डाग पडतात म्हणून."

"काका, ही भिंतीची भुकटी आहे. पोटाची नाही!"

तिथं नत्थूजी उभे होते. नत्थूजींना तू ओळखतेस. ते म्हणाले, "शिकेल माणसाचं असंच राह्यते साहेब. आम्हा अडाण्याले राखच ठावकी हाय."

गृहस्थानं विचारलं, धुतल्यानं जाते का? मधुकरराव म्हणाले, "पाण्यात विरघळली असती तर पावसाळाभर भिंतीवर टिकली असती का?" मग जरा नरम झाले. म्हणाले, एका वेळच्या भाकरीनं माणूस दगावत नाही. पण रोज पोटात जाऊ लागली तर अंगात साठत जाते. आणि लहान लेकराचं अंग केवढं! गर्भार बाईनं तर शिवूही नये. मांजरं मात्र अंग चाटून चाटून पटकन जातात. "तुमच्याकडे मांजर आहे?" गृहस्थ म्हणाला, "नाही." ते खरंच होतं.

त्यांनी ढोलीतली ज्वारी अंगणात खड्डा करून पुरायला लावली. कोंबड्यांनाही टाकू दिली नाही. "यातली कुणाला दिली तर नाही?" असंही विचारलं. गृहस्थ म्हणाला, "नाही."

सांगायचं इतकंच की तूर्त माझं पोतं फोडू नकोस. यंदाच्या ज्वारीला जरा वास आहे असं वाटतं. मी दुसरी पाठवतो, तोवर ते तसंच कोपऱ्यात असू दे. आणि फोडलं असेल तर

आणि फोडलं असेल तर कळव.

बाबा


हिंगणी, ३ सप्टेंबर १९५७

सुलोचना,

मोतीलाल आज परत आला.

"मास्तर, चिठ्ठ्या पोचल्या तुमच्या. दोन्ही."

"मग? काय म्हणाली?"

"जात्यावरच्या कोनाड्यात हायत. फोडल्या नाई."

"काऊन?" माझ्या तोंडून तुझ्या आईची बोली निघाली.

"मी म्हणलो तिले, बाई, वाच तं खरं. तं म्हणे, 'वाचीन फुरसतीनं. बाबाच्या चिठ्ठीत घाईचं काई नसते.'"

"आणि पोतं? तोंड शिवलेलं होतं की सुटलेलं?"

"आता मी काय पोत्याचं तोंड पाह्यले गेलतो? कोपऱ्यात अंधार राह्यते."

म्हणजे तीस तारखेचं पत्रही आता त्या कोनाड्यात जाणार. हेही जाणार. न फोडलेल्या पत्रात खरं लिहायला सोपं जातं, म्हणून लिहितो. तो गृहस्थ मी.

तुझ्या आईच्या वेळचं पत्र मला पाठ आहे, तुलाही असेल. पहिल्या पानावर आषाढाचे ढग. दुसऱ्या पानावर तू सहा वर्षांची असताना तिच्या पदराला धरून शाळेत आलीस, ती हकीकत आणि माझी एक कविता. तिसऱ्या पानाच्या मध्यावर, "तुझ्या आईची प्रकृती अलीकडे नरम असते." त्या दिवशी तिनं पाणी घेणंही सोडलं होतं, सुलोचना. मला ते दिसत होतं. ते वाक्य तसंच्या तसं कागदावर उतरवलं असतं तर ते खरं झालं असतं, म्हणून मी ढग लिहिले. तू आलीस तेव्हा तेरवीची पंगत उठत होती. सगळ्या भावकीसमोर तू विचारलंस, "बाबा, माय मरून राह्यली हे तिसऱ्या पानावर काऊन लिहिलं?" तू म्हणालीस, या घरात पाय ठेवणार नाही आणि तुम्हीही माझ्या दारात येऊ नका.

आणि आता परत तेच केलं. मांजर लिहिलं, ढेकूण लिहिले, वाळवी लिहिली. "खाऊ नका" हे दोन शब्द लिहिले नाहीत. दोन वर्षांत तू माझी एक वस्तू ठेवून घेतलीस, आणि ती विषारी निघाली, हे तुला कसं कळवावं? तू म्हणशील, बाबाचं प्रेमसुद्धा पुरून टाकावं लागतं.

म्हणून आज दुपारी पाकिटाचा नाद सोडला आणि एक कार्ड लिहिलं. कार्डाला फोडावं लागत नाही. त्यावर एवढंच आहे: "पोत्यातली ज्वारी खाऊ नका. तिच्यात विषारी भुकटी आहे, ती मीच घातली. कोंबड्यांनाही देऊ नका. खड्डा करून पुरा. बाबा." ना चिरंजीव, ना आशीर्वाद, ना ऋतू. आयुष्यात असं पत्र पहिल्यांदा लिहिलं. वाचून पाहिलं तर दुसऱ्या कुणाचंच वाटलं.

पण माझं अक्षर पाहून तू तेही कोनाड्यात खोचलंस तर? शेवटी कार्डाचा कोपरा फाडला. मयताच्या बातमीचं कार्ड असं कोपरा फाडून धाडतात. ते कुणी उंबऱ्याच्या आत नेत नाही, जपून ठेवत नाही, दारातच वाचून तिथंच फाडून टाकतं. आपण धर्म बदलला, देव्हारा रिकामा केला, पण या फाटक्या कोपऱ्याची भीती आपल्यातल्या कुणाची गेलेली नाही. तेवढ्या भीतीचा आज मी उपयोग करून घेतला. ते कार्ड तू पहिल्या क्षणी वाचशील.

नत्थूजींनी ते पाहिलं. "मास्तर, जितेपणी आपल्याच हातानं कोपरा फाडता?"

"घाई आहे, नत्थूजी."

"घाई हाय तं जात काऊन नाई?"

"हिंगणघाटच्या पुढं नाल्यांना पूर आहेत. मोटर बंद आहे."

"अन् डाक कशी जाते?"

"डाकेचा माणूस पायी उतरून जातो."

"मंग तुमचे पाय काय कोणाले उसने देल्ले?"

मी कार्ड पेटीत टाकून आलो. हिशेबानं परवा-तेरवा पोचेल. तोवर दोन रात्रीचं जेवण, दोन सकाळचं. गुलाबच्या वाट्याला भाकरीचा चतकोर येत असेल. मी बसून तो चतकोर मोजतो आहे.

बाबा


हिंगणी, ७ सप्टेंबर १९५७

सुलोचना,

हे पत्र टपालात जाणार नाही. हात रिकामा राहत नाही म्हणून लिहितो.

परवा मी सेलूपर्यंत गेलो. वर्ध्याची मोटर उभी होती. क्लीनर ओरडत होता, "चला वर्धा, वर्धा, पूर उतरला, हिंगणघाटबी चालू झालं!" मी खांबाला टेकून उभा राहिलो. मोटर भरली, सुटली, वळली. मी चढलो नाही. आधी मनात म्हटलं, कार्ड पोचलंच असेल. मग म्हटलं, तू दारात येऊ नका म्हणाली होतीस, तुझा शब्द कसा मोडायचा? दोन्ही कारणं चांगली वाटली म्हणूनच मला त्यांचा संशय आला. खरी गोष्ट अशी की तू दार उघडशील आणि मागं गुलाब थरथरत उभा असेल, हे चित्र मला दिसत होतं. त्या चित्राला भिऊन मी सेलूहून पायी परत आलो. गुडघे सुजले. वाटेत एकही ओळ सुचली नाही.

काल दिवसभर पोस्टमनची वाट पाहिली. तो आला, चंद्रभान जावयांचं अक्षर नव्हतं, तुझं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. मी विचारलं, बाबा रे, गिरडला कार्ड पोचलं असेल ना? तो म्हणाला, "मास्तर, मी हिंगणीचा पोस्टमन हाय, दुनियेचा नाई."

आज मडक्यातल्या ज्वारीच्या दोन भाकरी केल्या. एक करपली. त्या फडक्यात बांधल्या, धोतर घेतलं, काठी घेतली. नत्थूजींना घराची किल्ली देऊन आलो. ते म्हणाले, "आता कसे आलेजी शहाणपणावर!" सेलूहून संध्याकाळच्या आधी शेवटची मोटर आहे, तिनं निघतो. रात्र वर्ध्याच्या स्टेशनवर काढीन. उद्या दुपारी तुझ्या दारात येईन आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारीन. आत घेऊ नकोस. पोतं मात्र माझ्यासमोर बाहेर काढ, खड्डा मी खणतो. निघायला अजून अर्धा तास आहे, म्हणून हे

इथवर लिहिलं आणि गल्लीच्या तोंडाशी बाईचं मोठ्यानं रडणं ऐकू आलं. "कसे गेलेजी व्याही... काही न सांगता काऊन गेलेजी..." आमच्याकडे कोण गेलं म्हणून मी लेखणी धरून ऐकत राहिलो. रडणं जवळ जवळ येत आपल्याच अंगणात शिरलं. दारात पंचफुलाबाई. तुझी सासू. पायांना चिखल, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला आणि कडेवर एक लेकरू.

त्यांनी मला पाहिलं आणि रडणं मधेच तुटलं.

"अरे बाप्पा! तुम्ही तं जित्ते हाय!"

"कार्ड..." मी म्हणालो.

त्यांनी पदराची गाठ सोडली. कार्ड चार घड्या करून त्यात बांधलेलं होतं. "हे काय? पोस्टमननं 'हिंगणीचं हाय' म्हणून दारातून टाकलं अन् पळाला."

"कुणाकडून वाचून घेतलं नाही?"

"वाचाचं काय त्यात? फाटेल कार्ड साऱ्याइले एकच सांगते."

"सुलोचनाला दाखवलं?"

"कसं दाखवू? सातवा महिना हाय तिले. अशा पोटाशीन तिले बापाचं सांगू? बहिणीकडं जातो म्हणलं, नातू घेतला अन् पहाटीच्या मोटरनं निघाली." त्यांनी नाक पुसलं आणि माझ्याकडं रागानं पाहिलं. "मायच्या वक्ती तिले उशीर झालता. म्हणलं, या वक्ती घरचं एक तं माणूस मातीले पोचलं पाह्यजे. अन् तुम्ही इथं बसून चिठ्ठी लिहून राह्यले!"

मी गुलाबकडे पाहत होतो. तो माझ्याकडे पाहत होता. हात थरथरत नव्हते. एका हातानं त्यानं आजीचा कान घट्ट धरला होता. मी विचारलं, "बाई, पोतं? आमची ज्वारी?"

त्यांनी काखेतलं गाठोडं ओट्यावर ठेवलं. "हे काय शिदोरी, तुमच्याच ज्वारीची. तीन हप्ते झाले, सुलोचनानं त्या पोत्याले हात नाई लावू देल्ला. ना फेकू दे, ना फोडू दे. घर झाडाले आली का नुसती त्याच्यापाशी थांबे. काल कार्ड आलं अन् म्या सुतळी तोडली. म्हणलं, मेल्या माणसाशी काय अबोला? चार भाकरीपुरतं दळलं, अन् निघता निघता तिले सांगून आली, सूनबाई, उद्यापासून यातलंच दळत जाजो."

"यातली खाल्ली कुणी? वाटेत?"

"मयताले निघाल्यावर कोणी तोंडात घालते का? अन् याले मोटर लागली. पानीसुद्धा नाई टिकलं पोटात."

मी त्यांचं गाठोडं सोडलं. चारही भाकरी अख्ख्या होत्या. मोडून कण काढलेला नव्हता. मग मी पंचफुलाबाईंना सांगितलं, "बाई, या ज्वारीत मी विष घातलं आहे. चुकून घातलं. कार्डावर तेच लिहिलं होतं."

एवढंच बोललो. सुलोचना, एवढंच बोललो.

त्यांनी भाकरी फडक्यात बांधून गाठोड्याला दोन गाठी मारल्या आणि गुलाबचे हात धुवायला विहिरीवर गेल्या. तो तिथं रडतो आहे, पाणी गार लागत असेल. मी कुदळ घेतली आहे, दाराशी ठेवली आहे. वहाणा घातल्या. तेवढ्यात हे लिहिलं.

परत आल्या. गुलाबला माझ्या कडेवर दिलं आहे. तो लेखणी ओढतो, म्हणून अक्षर असं. पंचफुलाबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणतात, "मास्तर, पोतं उघडं टाकून आली मी! अजून लिहूनच राह्यले? उठा!"